अजानचं घड्याळ: थंडी, रमजान आणि वळीव बघून झाल्यावर

जानेवारीत बेळगावच्या खडे बाजारातनं अजानचं डिजिटल घड्याळ घेतलं, म्हणजे पाचही नमाजांच्या वेळेला घरातच अजान वाजवणारं, १६५० सांगत होते, घासाघीस करून १४०० ला दिलं. आता जून आलाय, म्हणून म्हटलं लिहून टाकू, कारण घेताना मी बघितलं तर मराठीत कुठंच काही सापडलं नव्हतं.

घ्यायचं कारण साधं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ मशिदीचा भोंगा बंद, आणि बेळगावात फजर, म्हणजे पहाटेच्या नमाजची वेळ, वर्षभर ६ च्या आतच लागते, जूनमध्ये पावणेपाचच्या आधी, जानेवारीत पावणेसहाच्या पुढंमागं. म्हणजे जी अजान झोपेतनं उठवायची तीच नेमकी घरापर्यंत येत नाही. मोबाईलचा अलार्म होता की, पण तो बंद करायला मोबाईल हातात घेतला की कुणाचं तरी स्टेटस, मग एक रील, मग अजून एक, आणि मशिदीतली जमात, म्हणजे सगळ्यांनी मिळून पढायची नमाज, गेली. मी उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, फर्स्ट शिफ्ट ७ ची, त्यामुळं थंडीत फजर, आंघोळ, डबा सगळं सव्वा तासात कोंबावं लागतंय.

आता खरी गंमत. घड्याळात शहरांची यादी असते, त्यात मुंबई आहे, बेंगळूर आहे, मधले आम्ही नाही. नेहमीचंच. दुकानदार म्हणाला, "भाई, बेंगळूर लावून देतो, कर्नाटकच की." मी पण हो म्हटलं. चार दिवसांनी मशिदीत वजूखान्याजवळ, हातपाय धुतात तिथं, नमाजच्या वेळांचं दायमी (कायमचं, वर्षभराचं) टाइमटेबल लावलेलं असतं त्याच्याशी सहज ताडून बघितलं तर घड्याळ पंधरा मिनिटं पुढं! बेंगळूर आपल्या पूर्वेला साधारण ३ अंश, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे १२ मिनिटं तर तिथंच गेली, आणि थंडीत अजून थोडी वाढतात. मी मशिदीत जमातीनं पढत होतो म्हणून वाचलो, पण अम्मी घरात अजान झाली की लगेच मुसल्ल्यावर, नमाजच्या चटईवर. वेळ लागायच्या आधी पढलेली फर्ज (सक्तीची नमाज) होतच नाही, चार दिवसांची फजर तिला परत पढावी लागली. "पैसे देके नमाज खराब करता क्या रे," एवढंच बोलली, पण आठवडाभर घड्याळाकडं बघायची पण नाही. आणि विचार करा, हेच रमजानमध्ये झालं असतं तर मगरिबला, सूर्यास्ताच्या नमाजला, दहा-बारा मिनिटं आधीच रोजा सोडून बसलो असतो सगळे.

उपाय आहे, पण दुकानदाराला माहीत नव्हता. शहराच्या यादीत न जाता सेटिंगमध्ये स्वतःचे अक्षांश-रेखांश घालायचे, बेळगावला १५.८५ उत्तर, ७४.५० पूर्व, टाइम झोन साडेपाच. वेळ काढायची पद्धत यादीतली कराचीची, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली १८ अंश असताना फजर. असरला, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजला, हनफी की शाफई (सुन्नींमधले दोन पंथ) हे पण निवडावं लागतंय, आमच्या गल्लीत कोकणातनं आलेली शाफई घरं आहेत, त्यांची असर आमच्या आधी लागते, तेव्हा शेजाऱ्याचं बघून सेट करू नका. मॅन्युअलच्या नादाला लागू नका, ते कुणालाच कळणार नाही. आता टाइमटेबलशी मिनिटभराचा फरक असेल नसेल.

आवाज चांगला आहे, फजरच्या अजानमध्येच असतं ते "अस्सलातु खैरुम मिनन नौम" (झोपेपेक्षा नमाज बरी) बरोबर येतं, माझ्या मेव्हण्याच्या स्वस्तातल्या घड्याळात पाचही वेळा एकच रेकॉर्डिंग वाजतंय. आवाज फुल ठेवला होता तेव्हा पलीकडच्या मावशी म्हणाल्या, "अरे बाबा, तुझ्या घड्याळावर मी दूध तापवायला उठतोय आता." तक्रार होती की कौतुक कळलं नाही, पण आवाज निम्मा केला.

सोबत रिमोट येतो. कुणी काढलं असेल डोकं! झोपल्या झोपल्या अजान बंद करायची सोय म्हणजे घड्याळ घेतलं कशाला? तिसऱ्या दिवशी त्याचे सेल काढले, घड्याळ समोरच्या शोकेसवर ठेवलं, चालत जाऊन बटण दाबावं लागतंय.

फायदा झाला का? थंडीत झाला, नमाजनंतर अर्धा तास मोकळा मिळतोय, चहासोबत कुरआनचं एक पान, मग वडगावच्या रस्त्यानं एक फेरी. जूनमध्ये मात्र पाचलाच सगळं उरकतं आणि वाटतं शिफ्टला वेळ आहे, जरा आडवं होऊ, तिथंच घात. दोनदा लेट मार्क लागला. इशानंतर, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर, गप्पा मारत बसणं नबींना आवडत नसे हे लहानपणापासून ऐकतोय, आणि आम्ही कॅम्पात बाराला चहा पीत बसणार! त्यात घड्याळाची काय चूक? आता अकराच्या आत झोपतो, लग्नसराई सोडून.

एक मोठी खोट. वळवात लाईट गेली, आतले बॅकअपचे सेल संपलेले, तर घड्याळ थेट मक्केच्या वेळेवर गेलं, अडीच तास मागं, आणि अक्षांश-रेखांश परत घालावे लागले. आकडे मी आता घड्याळाच्या मागं मार्करनं लिहून ठेवलेत, तुम्ही पण लिहा, आणि पावसाळ्याआधी सेल बदला.

पाचातले साडेतीन. कुणाला जास्तीचा रिमोट पाहिजे असला तर माझा पडून आहे.