केसांच्या ढिगाला भुलून घेतलेला ब्रश

जाहिरातीत ब्रश मांजराच्या पाठीवरून दोनदा फिरतो आणि शेजारी केसांचा ढीग पडतो. 'आखूड केसांच्या मांजरांसाठी खास' म्हणून विकलेला, बारीक दातांच्या स्टीलच्या पात्याचा हा ब्रश त्या ढिगाकडे पाहूनच घेतला गेला. घरीही ढीग पडला. चारच दिवसांत देशी बोक्याच्या कमरेवर विरळ पट्टा दिसू लागला आणि कण्यालगत लाल ओरखडे उठले.

निघालेले केस पांढऱ्या कागदावर पसरले तेव्हा उलगडा झाला. आपसूक गळलेला केस पूर्ण लांबीचा असतो आणि त्याचं टोक निमुळतं असतं. इथले बरेचसे केस अर्धेमुर्धे, एका टोकाला सपाट तुटलेले होते. ब्रश गळके केस काढत नव्हता, चांगले केस कापत होता.

भिंगातून पाहिलं तर दातांच्या मधल्या खाचांना धार होती. धातूचं पातं कापताना कडेला कुसळासारखे बारीक कंगोरे राहतात. ते घासून गुळगुळीत करावे लागतात, आणि नामी ब्रशची नक्कल करणारा नेमकं हेच काम गाळतो. बाहेरून रंग, मूठ, खोका सगळं हुबेहूब. शिवाय असं पातं, अस्सल असलं तरी, आतली लव दाट असलेल्या जनावरांसाठी. आपल्या देशी मांजरांना ती बेताचीच असते, मग पातं थेट कातडीवर घासतं.

म्हणून नवा ब्रश मांजराला लावण्याआधी जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून फिरवा. धागा अडकला किंवा तुटला, तर ब्रश परत करा. मग स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर हलकेच ओढा. तिथे ओरखडा उठला तर मांजराच्या पातळ कातडीवर नक्कीच उठेल. वापरलेला ब्रश परत घेत नाही, असं विक्रेता सांगतो, तेव्हा ही तपासणी आधीच करायची आणि खोका उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवायचा. खोक्यावर उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पूर्ण पत्ता आणि कमाल किंमत नसेल, तर तिथेच शंका घ्यावी.

ब्रशसोबत 'नैसर्गिक चमक' देणारी फुकट बाटलीही येते. तिच्यात टी-ट्री तेल असेल तर ती मांजराजवळ नेऊच नका. मांजर अंग चाटतं, आणि त्याचं यकृत अशा तेलातले घटक नीट पचवू शकत नाही. लाळ गळणं, थरथर, तोल जाणं दिसलं तर बाटली घेऊनच पशुवैद्याकडे धावा. हा धोका ओरखड्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

आखूड केसांना मऊ रबरी दातांचा ब्रश पुरतो, जणू घोड्याचं अंग घासायच्या खराऱ्याचं छोटं, मवाळ रूप. आठवड्यातून एकदा, पाचेक मिनिटं, केसांच्या दिशेने, नुसत्या हाताच्या वजनाने फिरवायचा. पोट आणि काखा टाळायच्या. शेवटी ओलसर तळहात फिरवला की सुटे केस हाताला चिकटून येतात. पिसवा शोधायला गोल टोकांची बारीक फणी वेगळी ठेवा.

फसलात तर आधी, ज्या संकेतस्थळावरून ब्रश मागवला त्याच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवाडा द्यायचा असतो. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तक्रारीसोबत पात्याचा जवळून काढलेला फोटो जोडा, आणि ते तुटके केस फेकू नका. मोजपट्टीशेजारी ठेवून त्यांचाही फोटो काढा.