‘हड’ (१९६३): एक मेलेली गाय आणि घरातली तीन माणसं

दिग्दर्शक मार्टिन रिट यांचा ‘हड’ वेस्टर्नमध्ये गणला जातो, पण यात पिस्तुलांची चकमक शोधू नका. टेक्सासमधल्या एका कुरणावर मेलेली गाय सापडते, सरकारी पशुवैद्य येतो, त्याला लाळ्या-खुरकुताचा संशय येतो. तिथून एक घर उसवायला लागतं. गोष्ट लॅरी मॅकमर्ट्री यांच्या १९६१च्या कादंबरीतली. कादंबरीत कडेला असलेला हड पटकथाकारांनी मधोमध आणला आणि त्यामुळे सगळा तोल बदलला.

पेच अगदी व्यवहारातला आहे. हा रोग इतका झपाट्याने पसरतो की तो ठरला तर कळपातलं एकही जनावर ठेवता येत नाही. हडचं म्हणणं, निकाल लागायच्या आत गुरं विकून मोकळं व्हावं. त्याचे वडील होमर दुसऱ्याच्या दावणीला रोग बांधायला तयार नाहीत. जमिनीत तेलासाठी विहिरी खणू देणंही त्यांना मंजूर नाही. या दोघांमध्ये सतरा वर्षांचा लॉनी. आजोबांवर त्याची श्रद्धा आहे, पण काकाचा रुबाब, त्याची उघडी कॅडिलॅक त्याला खुणावते. चित्रपट बघताना लॉनीची नजर कुठे जाते त्यावर लक्ष ठेवा. पॉल न्यूमनचा हड इतका देखणा आणि सहज आहे की त्या काळच्या तरुण प्रेक्षकांनी त्यालाच नायक करून टाकलं. रिटना तर तो निषेधासाठी उभा करायचा होता.

कळप मारण्याचा प्रसंग हा चित्रपटाचा कणा. गुरं मोठ्या खड्ड्यात हाकली जातात, काठावर बंदूकधारी उभे राहतात. एकमेकांवर रेटणाऱ्या पाठी, धूळ, गोळ्या, मग एकदम शांतता. कुणी रडत नाही, पार्श्वसंगीत हुंदका काढायला येत नाही. लांब शिंगांची शेवटची दोन जनावरं होमर स्वतःच्या हाताने मारतात. होमर झालेल्या मेल्व्हिन डग्लस यांच्या कामातली सगळी ताकद इथे दिसते.

होमर अधूनमधून प्रवचनाच्या सुरात बोलतात, तिथे पटकथा सैल पडते. पण त्यांनाही ती सोडत नाही. भाऊ आपल्या हातून अपघातात गेला म्हणून वडील आपला राग करतात, असं हडला वाटत आलेलं असतं. होमर सांगतात की अपघाताच्या आधीच आपलं मन हडवरून उडालं होतं. मुलगा असा का झाला, याचा थोडा हिशेब बापाकडेही निघतो.

पॅट्रिशिया नील यांची अल्मा, म्हणजे या घरचं घरकाम बघणारी बाई, पडद्यावर फार वेळ नाही, तरी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर त्यांना मिळालं आणि ते योग्यच होतं. हडला हसत परतवून लावताना तिच्या आवाजातला थकवा ऐका. डग्लस यांना आणि छायाचित्रकार जेम्स वाँग हाऊ यांनाही ऑस्कर मिळालं. हाऊंनी आकाश जवळजवळ कोरं, पांढरं ठेवलंय. त्याखाली माणसं उघडी पडल्यासारखी दिसतात. संगीतकार एल्मर बर्नस्टीन यांची गिटार मोजकीच वाजते.

कृष्णधवल चित्रपट आहे, लांबी ११२ मिनिटं. चौकट २.३५:१ अशी रुंद आहे. टीव्हीसाठी कडा कापलेली प्रत घेऊ नका, कारण तिघांच्या दृश्यात काठावरचा माणूसच गायब होतो. टेक्सासचे उच्चार जड जातात, सबटायटल सुरू ठेवा. अल्मावर हड जबरदस्ती करू पाहतो तो प्रसंग आणि गुरांची कत्तल, दोन्ही अंगावर येतात. लहान मुलांना सोबत बसवू नका.