स्टेंट पुन्हा बुजला: औषधी फुगा, नवा स्टेंट की बायपास?

हृदयाच्या नसेत घातलेला स्टेंट (नस उघडी ठेवणारी धातूची जाळी) पुन्हा बुजला की कॅथलॅबच्या (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) दारात नातेवाइकांना विचारलं जातं, "औषधी फुगा (औषधाचा लेप दिलेला, फुगवून परत काढून घ्यायचा फुगा) मारूया की दुसरा स्टेंट घालूया?" त्याआधीचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहून जातो: पहिला स्टेंट बुजला कशानं? उपचाराची निवड निम्मी तिथंच ठरते.

स्टेंट बसताना नसेला आतून जखम होते. ती भरून येताना पेशी गरजेपेक्षा जास्त वाढल्या की जाळीच्या आत थर चढतो, साधारण ३ ते १२ महिन्यांत. जुन्या बिनऔषधी स्टेंटमध्ये हे २० ते ३० टक्के लोकांत व्हायचं, आताच्या औषधी स्टेंटमध्ये ५ ते १० टक्क्यांच्या आसपास. मधुमेह, बारीक नस, लांब स्टेंट, फाटा फुटतो ती जागा, यांत जास्त. चार-पाच वर्षांनी त्रास सुरू झाला तर आत नव्यानं साचलेली चरबी हेही कारण असतं. आणि एक कारण क्वचितच सांगितलं जातं: स्टेंटच्या मागं नसेच्या भिंतीत कॅल्शियमचा कडक थर असल्यानं स्टेंट पहिल्या दिवसापासून पुरता उघडलेलाच नसतो. अशा जागी दुसरा स्टेंट घातला तर तोही तसाच आवळलेला राहतो.

साध्या अँजिओग्राफीत फक्त सावली दिसते, त्यातून हे कळत नाही. त्यासाठी आयव्हीयूएस (नसेच्या आतली सोनोग्राफी) किंवा ओसीटी (प्रकाशाचा कॅमेरा) लागतो. ओसीटीत चित्र जास्त स्वच्छ दिसतं, पण जास्तीचा डाय (नसेत सोडायचं रंगद्रव्य) लागतो, त्याचा ताण किडनीवर येतो. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी कमजोर असेल तर आयव्हीयूएस बरं. मोठ्या नसेत स्टेंटच्या आतलं सर्वांत अरुंद क्षेत्रफळ ५.५ चौरस मिलिमीटरपेक्षा कमी आलं, तर स्टेंट अपुरा उघडल्याचा संशय घ्यायचा.

औषधी फुगा

आमच्या मते पहिल्यांदाच बुजलेल्या आणि नीट उघडलेल्या स्टेंटसाठी हाच पहिला पर्याय. धातूचा नवा थर पडत नाही, पुढचे रस्ते मोकळे राहतात. पण सगळं यश तयारीत आहे. आधी नसेच्या मापाचा न ताणणारा फुगा जास्त दाबानं फुगवून, गरज पडल्यास पाती किंवा तारा असलेला फुगा वापरून थर फोडायचा. उरलेला अडथळा ३० टक्क्यांच्या खाली आला, मोठी चीर पडली नाही, की मगच औषधी फुगा. तो दोन्ही टोकांना २-३ मिलिमीटर जास्त लांब हवा, नाहीतर औषध न पोचलेल्या कडेला पुन्हा अडथळा येतो. औषध रक्तात धुऊन जातं, म्हणून तो रेंगाळू न देता जागेवर न्यायचा आणि ३० ते ६० सेकंद फुगलेला ठेवायचा. तेवढा वेळ छातीत दुखतं, हे रुग्णाला आधीच सांगावं. तयारी न करता नुसता औषधी फुगा फिरवला, तर काही महिन्यांत पुन्हा तोच त्रास ठरलेला.

स्टेंटमध्ये स्टेंट

जुना औषधी स्टेंट बुजला असेल तर नवा औषधी स्टेंट फुग्यापेक्षा थोडा सरस ठरतो. स्पेनमधल्या ३०९ रुग्णांच्या रिब्स-४ अभ्यासात तसंच दिसलं. जुना बिनऔषधी असेल तर दोन्ही जवळपास सारखे. स्टेंट मोडलाय, दोन स्टेंटमध्ये फट राहिलीय, कडेला नस चिरलीय, तर नवा स्टेंटच हवा. तोटा असा की नस आतून बारीक होते, फाट्याचं तोंड झाकलं जातं. दोन थर झाल्यावर तिसरा घालायला आम्ही सहसा सांगणार नाही.

कॅल्शियमसाठी खूप उच्च दाबाचा फुगा, लेसर किंवा ध्वनिलहरींचा फुगा (शॉकवेव्ह) असतो. गोल फिरणारी ड्रिलही चालते, पण ती स्टेंटच्या जाळीत अडकू शकते. हात बसलेल्या माणसाचंच ते काम.

बायपास

मधुमेह आणि तिन्ही नसांत अडथळे, डाव्या मुख्य नसेत त्रास, किंवा तीच जागा दोन-तीनदा बुजलेली, तर बायपासचा विचार खरोखर करावा. छातीतली धमनी हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य नसेला जोडली तर १० वर्षांनी सुमारे ९० टक्के चालू असते. अडचण एकच: नस टोकापर्यंत स्टेंटनं भरली असेल तर जोड द्यायला मोकळी जागाच उरत नाही. म्हणून लांबलचक स्टेंट घालण्याआधीच सर्जनचं मत घ्या.

आणि काहीच न करणं? त्रास नाही आणि एफएफआर (अडथळ्यापुढं रक्ताचा दाब किती उरतो याचं माप) ०.८० च्या वर असेल, तर गोळ्या, साखर ताब्यात आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ५५ च्या खाली, एवढं पुरतं.

अचानक छातीत कळ, घाम, दम लागला तर ही तुलना बाजूला ठेवून १०८. ती स्टेंटमधली गुठळी असू शकते.

गोव्यात विचारायचं काय

पेडणे किंवा सत्तरीहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाताना जुनं स्टेंट कार्ड आणि अँजिओग्राफीची सीडी दोन्ही न्या, नुसता रिपोर्ट नव्हे. स्टेंटचा व्यास आणि लांबी कार्डावर असते, फुग्याचं माप त्यावरून काढायला सोपं जातं. खासगीत असाल तर खर्चाचा कागद आधी मागा: २०१७ ला किमतीची मर्यादा स्टेंटला घातली गेली, फुग्याला नाही. त्यामुळं कधी कधी फुगाच महाग पडतो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) कार्ड असेल तर औषधी फुगा, ओसीटी पॅकेजमध्ये बसतं का, हे मंजुरी घेतानाच विचारून घ्या.

दाढ काढायची किंवा हर्नियाचं ऑपरेशन ठरलं असेल तर तेही सांगा. नव्या स्टेंटनंतर दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या साधारण ६ महिने, हार्ट अटॅकनंतर १२ महिने चालतात. फुग्यानंतर १ ते ६ महिन्यांत भागू शकतं. डॉक्टरला न विचारता यातली एकही गोळी थांबवू नका.