उरलेले अन्न प्लास्टिकविना : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

उरलेले अन्न प्लास्टिकच्या डब्यांत ठेवणे मी नऊ महिन्यांपूर्वी थांबवले. तेलकट पदार्थांमुळे पिवळे पडलेले, कितीही घासले तरी वास न जाणारे डबे हे त्याचे पहिले कारण होते. उष्णता आणि स्निग्धांश यांच्या सान्निध्यात प्लास्टिकमधील रासायनिक घटक अन्नात उतरण्याचे प्रमाण वाढते, हे दुसरे. तेव्हापासून काचेचे डबे, स्टेनलेस स्टीलचे डबे आणि मेणकापड (मधमाश्यांचे मेण लावलेले कापड) या तिन्हींचा रोज वापर केला आहे.

सर्वाधिक उपयोग काचेचा झाला. काचेला रंग धरत नाही, वास राहत नाही, आंबट पदार्थांचा तिच्यावर परिणाम होत नाही आणि आत काय उरले आहे ते फ्रिज उघडताच दिसते, त्यामुळे ते वेळेवर संपते. मात्र काच घेताना ती कोणती आहे हे पाहायला हवे. बोरोसिलिकेट काच तापमानातील बदलाने साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांश इतकीच प्रसरण पावते, म्हणून ती तापमानातला फरक बराच अधिक सोसते. हा फरक मला साध्या काचेची बरणी फ्रीजरमधून काढून थेट कोमट पाण्यात ठेवली तेव्हा कळला. बरणी तळापासून तडकली आणि आतले सर्व अन्न टाकून द्यावे लागले. दुसरी बरणी फ्रीजरमध्येच फुटली, कारण रस्सा मी काठोकाठ भरला होता. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते. आता फ्रीजरसाठी सरळ कडांची, निमुळत्या गळ्याची नसलेली भांडीच घेतो आणि वर दोन-तीन सेंटीमीटर जागा मोकळी सोडतो.

खरी अडचण झाकणाची आहे. काचेच्या बहुतेक डब्यांना झाकण प्लास्टिकचेच येते. अन्न काठाच्या खाली राहिले आणि पूर्ण थंड झाल्यावरच झाकण लावले, तर त्याचा अन्नाशी फारसा संबंध येत नाही, एवढी तडजोड मी दोन डब्यांच्या बाबतीत स्वीकारली आहे. काचेचे झाकण, सिलिकॉनची रिंग आणि तारेची कडी असलेल्या बरण्या अधिक समाधानकारक वाटल्या. परंतु रिंगच्या खोबणीत ओल साचून बुरशी धरते, म्हणून ती दर आठवड्याला काढून, धुऊन, पूर्ण वाळवूनच परत बसवावी लागते. सिलिकॉनची रिंग तेल आणि वासही शोषून घेते, हे घेण्यापूर्वी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

स्टीलचा डबा हलका असतो, फुटत नाही आणि उष्णता लवकर बाहेर सोडतो. त्याच्या मर्यादा मात्र तीन आहेत: तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवता येत नाही, साध्या झाकणाचा डबा कलंडला की पातळ पदार्थ सांडतो, आणि आतले दिसत नाही. पहिल्या महिन्यात दोनदा अन्न विसरले गेले, त्यानंतर मी डब्यावर तारीख लिहिलेली कागदी पट्टी चिकटवू लागलो. खारवलेले पदार्थ त्यात दीर्घकाळ ठेवू नयेत. मिठातील क्लोराइडमुळे एका डब्याच्या तळाला बारीक खळगे पडलेले मी पाहिले आहेत.

मेणकापड पाव, अर्धे कापलेले फळ किंवा वाडग्याचे तोंड झाकण्यासाठी चांगले आहे, त्यापलीकडे नाही. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ होते, म्हणून ते गार पाण्यानेच धुवावे लागते. त्यामुळेच कच्च्या मांसासाठी ते वापरणे सुरक्षित नाही.

डबा कोणताही असो, अन्न टिकण्याची मुदत त्याने फारशी वाढत नाही, आणि काचेत अन्न जास्त दिवस चांगले राहते हा समज मला काळजी वाटावी इतका पसरलेला दिसतो. जिवाणू ५ ते ६० अंशांदरम्यान वेगाने वाढतात, म्हणून शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवे आणि बहुतेक पदार्थ तीन-चार दिवसांत संपायला हवेत. भाताबाबत तर अधिकच सावध राहावे लागते: बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहू शकतात, आणि भात बाहेर राहिल्यास त्यांच्यापासून वाढणारे जिवाणू जे विष तयार करतात, त्यातले एक पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. मी भात प्रथम पसरट स्टीलच्या डब्यात पातळ थराने निववतो आणि मग काचेच्या डब्यात भरतो. या एका सवयीचा उपयोग मला कोणत्याही महागड्या डब्यापेक्षा अधिक झाला.

दुसऱ्या दिवशी संपणाऱ्या अन्नासाठी वाडगा आणि त्यावर उपडी ताटली एवढे पुरते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी हेच करून पाहावे, आणि घरात खरोखर किती व कोणते अन्न उरते हे महिनाभर पाहिल्यावरच खरेदी करावी. मी सुरुवातीला घेतलेल्या तीन मोठ्या बरण्या अजून क्वचितच वापरात येतात. जुने प्लास्टिकचे डबे मी टाकलेले नाहीत. त्यांत आता खिळे, दोरा आणि बटणे ठेवली आहेत.