नॅनोव्हीएनए-एच४: एक पावसाळा वापरून झाल्यावर

नॅनोव्हीएनए-एच४ म्हणजे हॅम रेडिओवाल्यांचं, अँटेना नि केबल तपासायचं हातात मावणारं यंत्र. तार कापून अँटेना घरीच बनवत असाल तर ते डोळे मिटून घ्या. विकतची अँटेना लावून नुसतं बोलायचं असेल तर साधा एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो ते सांगणारा; एकला एक म्हणजे काहीच परत येत नाही) पुरतो, उगाच खर्च करू नका.

साध्या मीटरसाठी रेडिओ सेट ट्रान्समिट करावा लागतो आणि एका वेळी एकाच फ्रिक्वेन्सीचा आकडा मिळतो. नॅनोव्हीएनए स्वतःच मिलिवॉटहून कमी ताकदीचा सिग्नल सोडतो, त्यातला किती परत आला ते मोजतो आणि अख्ख्या बँडचा आलेख चार इंची पडद्यावर काढतो. तार लांब झालीय की तोकडी, हे बघताक्षणी कळतं.

आमची इमारत ठाण्यातल्या वर्तकनगरची, जुनी. बाल्कनीला लोखंडी ग्रिल. १४५ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी ५१.७ सेंटिमीटर भरते, प्रत्यक्षात तार ४९च्या आसपास कापतात. तीच तार ग्रिललगत बांधली की आलेखातला खड्डा (म्हणजे अँटेना सर्वात नीट जुळते ती फ्रिक्वेन्सी) १४०च्याही खाली घसरतो. पीव्हीसी पाइपावर बांधून ग्रिलपासून बाहेर नेत गेलो, तसा खड्डा वर चढत जागेवर आला. शेजारचे काका हे सगळं बघत होते. "काय हो, टॉवर बसवताय की काय?" म्हणाले. पडदा दाखवला, नीट समजावून सांगितलं. त्यावर, "मग आमच्या टीव्हीचं चित्र अधूनमधून अडकतं, ते तुमच्यामुळे नाही ना?"

पण पैसे खरे वसूल झाले ते कोॲक्सवर, म्हणजे अँटेनाच्या केबलवर. गच्चीवरच्या अँटेनापासून खाली आलेली आरजी-५८ केबल साधारण १५ मीटर आहे. १४५ मेगाहर्ट्झला एवढी केबल जवळपास ३ डेसिबल खाते, म्हणजे निम्मी पॉवर वाटेतच गरम होऊन संपते. हे मोजायला सोपं आहे. वरचं टोक मोकळं सोडायचं, म्हणजे तिथून सगळा सिग्नल परत फिरतो, आणि खालून रिटर्न लॉस, म्हणजे परत येईपर्यंत सिग्नल किती डेसिबल घटला ते, बघायचा. सिग्नल जाऊन परत येतो, म्हणून येणाऱ्या आकड्याचं निम्मं करायचं. उन्हाळ्यात ६ डेसिबल यायचे. ऑगस्टमध्ये, धो धो पावसाच्या आठवड्यानंतर, एसडब्ल्यूआर एकदम झकास दिसायला लागला आणि स्टेशनं मात्र ऐकू येईनात. वर जाऊन अँटेना काढली, टोक मोकळं ठेवलं, तर रिटर्न लॉस १४ डेसिबल. कनेक्टरमधून पाणी आत शिरलं होतं. १४ डेसिबलचा एसडब्ल्यूआर होतो १.५! वर अँटेनाच नाही आणि मीटर म्हणतो सगळं छान. ओली केबल बहुतेक पॉवर गिळते, परत फारसं काही येतच नाही, म्हणून आकडा सुंदर. नुसत्या मीटरवर विसंबलो असतो तर हे कळायला दिवाळी उजाडली असती. "एसडब्ल्यूआर एकला एक आहे" असं कोणी कौतुकानं सांगितलं की आता मी आधी केबलची चौकशी करतो. डमी लोडचाही (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर नुसती गिळणारा रेझिस्टर) एकला एकच असतो.

ट्रान्सफॉर्मर गुंडाळायलाही हा हाताशी हवाच. एंड-फेड (एका टोकाला जोडायच्या) तारेसाठी एफटी-१४०-४३ या फेराइट रिंगवर २ आणि १४ वेढे घेतले की वेढ्यांच्या सातपटीचा वर्ग, म्हणजे इम्पिडन्सचं (ओहममधल्या रोधाचं) ४९ पट गुणोत्तर मिळतं. दुय्यम बाजूला २.४ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा, म्हणजे अलीकडून ४९ ओहम दिसायला हवेत. ७ आणि १४ मेगाहर्ट्झला छान, २८ला आलेख वर उठतो. प्राथमिक बाजूला १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकला की बसतो. जुन्या एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायमधून) काढलेल्या रिंगाही पारखता येतात. पिवळ्या-पांढऱ्या रिंगा या कामाच्या नाहीत, हे तर पहिल्याच आलेखात दिसतं. लो-पास फिल्टरही (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचं अडवणारे) तपासले, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रारी आहेत त्या वेगळ्या. भर उन्हात गच्चीवर पडदा दिसत नाही, छत्री धरायला माणूस लागतो. केबल जोडायची एसएमए सॉकेट नाजूक आहेत. त्यांना छोटी केबल कायमची लावून तिच्या टोकाशी कॅलिब्रेशन करावं, म्हणजे सॉकेटची झीज वाचते. फ्रिक्वेन्सीची रेंज बदलली की ओपन, शॉर्ट, लोड (मोकळं, जोडलेलं आणि ५० ओहमचं टोक लावून करायचं कॅलिब्रेशन) पुन्हा करावं लागतं, त्याचा कंटाळा येतो. ३०० मेगाहर्ट्झच्या वर तो हार्मोनिकवर (मूळ सिग्नलच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सीवर) चालतो, तिथले आकडे अंदाजापुरतेच धरावेत. आणि मे-जूनच्या गडगडाटात लांब तार थेट पोर्टला जोडू नका. आधी तार अर्थला टेकवा, नाहीतर साठलेला स्टॅटिक चार्ज पोर्ट उडवतो.

नकली प्रतींचा बाजारात सुळसुळाट आहे. आतल्या सर्किटवर पत्र्याचं शील्ड आहे का, एवढं विकणाऱ्याला फोटोसकट विचारा. २.८ इंची जुनं मॉडेल स्वस्तात मिळतं, पण चाळिशीचा चष्मा लागला असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, एच४च घ्या.