एरिक (ब्रिस्टल): मुलांच्या शी-शूच्या त्रासासाठी मदत करणारी संस्था, आमचा अनुभव

यूकेत राहणाऱ्या मराठी आईबाबांसाठी मुद्दाम लिहितेय, कारण हा विषय आपल्यात कोणी काढतच नाही, मी स्वतः वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, मागच्या वर्षी दिवसातून तीन-चार वेळा त्याच्या चड्डीला शी लागलेली असायची, पातळ, डाग पडल्यासारखी, आणि विचारलं की म्हणायचा मला कळलंच नाही. मला ते खरं वाटायचं नाही, एवढ्या मोठ्या पोराला कळत नाही असं कसं होईल. खूप ओरडले मी त्याच्यावर. आता आठवलं तरी पोटात कालवतं.

डॉक्टरांकडे नेलं तर मोठा झाला की जाईल म्हणून परत पाठवलं. पुण्याला आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली पोट बिघडलंय, दहीभात दे, आणि मीपण जुलाब समजून तेच देत बसले.

मग शाळेच्या गेटवर एका मैत्रिणीने एरिकचं नाव सांगितलं. 1988 पासूनची चॅरिटी आहे, झोपेत गादी ओली होण्याला इंग्रजीत एन्युरेसिस म्हणतात ना, त्यावरूनच नाव, एन्युरेसिस रिसोर्स अँड इन्फर्मेशन सेंटर म्हणजे एरिक. आता शी आणि शू दोन्हीचं बघतात, पॉटी ट्रेनिंगपासून टीनएजरपर्यंत. हेल्पलाइन फुकट आहे.

फोनवरच्या बाईंनी सुरुवातीलाच विचारलं, त्याला शेवटची नीट, मोठी शी कधी झाली? मला उत्तर देता येईना. मग त्यांनी समजावलं की हे जुलाब नसून उलट बद्धकोष्ठ असू शकतं. आत कडक शी साठून राहते, मागून येणारी पातळ शी तिच्या कडेने गळते, आणि आतडं ताणून ताणून सैल झालं की भरल्याची जाणीवच होत नाही, म्हणून मुलाला खरंच कळत नाही. खरंच कळत नाही हे ऐकलं आणि मी फोनवरच रडायला लागले. त्या थांबल्या, घाई केली नाही. त्याला रात्री शू होते का हेही विचारलं, कारण भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबतं, त्यामुळेही गादी ओली होऊ शकते. हे दोन्ही जोडलेलं असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

एक लक्षात ठेवा, फोनवर ते औषध लिहून देत नाहीत, त्यासाठी डॉक्टरच लागतो. पण डॉक्टरांपुढे काय मांडायचं हे नीट सांगतात. मी दोन आठवडे डायरी ठेवली, किती वेळा, कशी, किती पाणी प्यायला, आणि मुलांच्या बद्धकोष्ठावर नाइसची (उपचार कसे करावेत हे डॉक्टरांना सांगणारी इथली सरकारी संस्था) 2010 पासूनची गाइडलाइन आहे तिचं नाव लिहून नेलं. या वेळी दुसऱ्या डॉक्टर होत्या, त्यांनी पोट तपासलं आणि मॅक्रोगोलच्या पुड्या दिल्या. ही पावडर पाणी धरून ठेवते आणि ते पाणी थेट आतड्यात नेऊन शी मऊ करते, म्हणून पुडी आधी मोजून पाण्यातच विरघळवायची, मुलांच्या पुडीला 62.5 मिली, नंतर हवं तर सरबतात मिसळा. डोस डॉक्टर सांगतील तसाच, आमचा रोज वाढवत नेला होता आणि ते दिवस अवघड जातात, त्यामुळे आम्ही शाळेची सुट्टी गाठून केलं. आणि पोट साफ झालं म्हणून लगेच बंद करायचं नाही, आतडं पूर्ववत व्हायला महिने लागतात, आम्ही अजून थोडं चालू ठेवलंय.

बाकी सवयी त्यांच्या वेबसाइटवर छान दिल्यात. जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी बसवायचं, पायाखाली स्टूल, गुडघे कमरेपेक्षा वर, थोडं पुढे वाकून, आणि साबणाचे फुगे फुंकायला द्यायचे म्हणजे खालचे स्नायू आपोआप सैल पडतात. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, अगं मग हे आपलं उकिडवं बसणंच झालं की! बरोबरच आहे तिचं. अजून एक, बक्षीस द्यायचं ते बसल्याबद्दल, पाणी प्यायल्याबद्दल, चड्डी कोरडी राहिली म्हणून नाही, कारण ते त्याच्या हातात नसतं. मी नेमकं उलटं करत होते.

शाळेसाठी केअर प्लॅनचा नमुनापण मिळतो. तो भरून दिला, टीचरबरोबर बसून ठरवलं की त्याला हात वर न करता टॉयलेटला जाता येईल आणि बॅगेत जादा चड्डी राहील. इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्याने आजारी मुलांना आधार देणं सरकारी शाळांवर बंधनकारक आहे, हे माहीत असलं की बोलायला धीर येतो.

माझ्याकडून पाचपैकी पाच. भारतातल्यांनाही वेबसाइट वाचता येईल, सगळं फुकट आहे.

चड्डीला शी लागणं आता जवळजवळ थांबलंय. गादी मात्र आठवड्यातून दोनदा तरी ओली होतेच, त्यासाठी ओलं झालं की वाजणारा अलार्म मिळतो म्हणे, त्याबद्दल सोमवारी परत फोन करणार आहे. काय म्हणतात ते इथेच खाली लिहीन.