जॅझचा नवा कार्यक्रम सुरू करणाऱ्यांनी आधी ऐकावे असे केंद्र : न्यू ऑर्लिन्सचे डब्ल्यूडब्ल्यूओझेड

सामुदायिक रेडिओवर जॅझचा नवा कार्यक्रम सुरू करायचा विचार असलेली मंडळी बहुधा पहिल्यांदा ध्वनिमुद्रिकांच्या साठ्याची चिंता करतात. माझ्या मते ती चिंता दुय्यम आहे. आज जवळजवळ कोणतेही जॅझ ध्वनिमुद्रण घरबसल्या ऐकता येते. त्यामुळे केवळ दुर्मीळ तबकड्या वाजवणाऱ्या कार्यक्रमासाठी श्रोता वेळ राखून ठेवेल, असे मानण्याचे कारण उरलेले नाही. हा कार्यक्रम कोणत्या गावाचा आहे आणि त्या गावातल्या माणसांना त्यातून काय मिळणार आहे, हे आधी ठरायला हवे. ते ठरले की पुढची निवड कशी सोपी होत जाते, हे ज्यांना प्रत्यक्ष ऐकून समजून घ्यायचे असेल, त्यांना मी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचे डब्ल्यूडब्ल्यूओझेड हे केंद्र ऐकण्याची मनापासून शिफारस करतो. एफएमवर ते ९०.७ मेगाहर्ट्झवर आहे आणि इंटरनेटवर जगात कोठेही विनामूल्य ऐकता येते.

हे केंद्र ४ डिसेंबर १९८० रोजी सुरू झाले. टेक्सासहून आलेल्या वॉल्टर आणि जेरी ब्रॉक या दोन भावांनी ते उभे केले. सुरुवातीच्या काळात त्याचा स्टुडिओ ‘टिपिटिनाज’ या संगीतगृहाच्या वरच्या मजल्यावर होता, म्हणजे खाली मैफल चालू असे आणि वर प्रसारण. पुढे केंद्र ट्रेमे वस्तीलगतच्या लुई आर्मस्ट्राँग उद्यानातील एका घरात गेले. या उद्यानाच्या आवारातच काँगो स्क्वेअर ही जागा आहे, जेथे गुलामगिरीच्या काळात आफ्रिकी वंशाचे लोक रविवारी जमून वाद्ये वाजवत आणि नाचत. १९८७ मध्ये केंद्राचा परवाना न्यू ऑर्लिन्स जॅझ अँड हेरिटेज फाउंडेशनकडे आला. दरवर्षीचा प्रसिद्ध जॅझ महोत्सव याच संस्थेचा असल्यामुळे महोत्सवाच्या मैदानावरून होणारे थेट प्रसारण हा केंद्राच्या वर्षातील सर्वांत मोठा प्रसंग असतो.

सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊ ते अकरा या वेळात पारंपरिक जॅझचा कार्यक्रम असतो, आणि नवख्या श्रोत्याने सुरुवात येथूनच करावी. किंग ऑलिव्हर यांच्या वाद्यवृंदाने १९२३ मध्ये केलेली, तरुण लुई आर्मस्ट्राँग ज्यात दुसरा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे छोटे वाद्य) वाजवतात ती ध्वनिमुद्रणे, आणि आज त्याच शहरात वाजवणाऱ्या पंचविशीतल्या मुलांचे वादन, ही दोन्ही एकाच तासात अगदी सहज शेजारी येतात. त्यानंतर दुपारी दोनपर्यंत खास न्यू ऑर्लिन्सचे संगीत, मग ब्लूज आणि सोल हे आफ्रिकी-अमेरिकी संगीतप्रकार, आणि चार ते सात पुन्हा जॅझ, पण या वेळी अधिक आधुनिक. अशा क्रमामुळे श्रोत्याला जॅझ हा सुटा, काचेच्या कपाटात ठेवलेला प्रकार वाटत नाही. अंत्ययात्रेतील ब्रास बँड, चर्चमधील गाणी, कॅरिबियन ताल, नाचघरातील पियानो या सगळ्यांशी असलेले त्याचे नाते ऐकता ऐकताच कळू लागते. कोणी ते वेगळे समजावून सांगत बसत नाही.

माझ्या दृष्टीने या केंद्राचे खरे बळ त्याच्या निवेदनात आहे. येथील निवेदक प्रामुख्याने स्वयंसेवक आहेत. त्यांच्यात संगीतकारही असतात. १९६१ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिल्या स्थानावर पोहोचलेले गायक अर्नी के-डो यांनीही १९८० च्या दशकात येथे कार्यक्रम केला होता. तीन-चार रचना सलग वाजल्या की निवेदक मागे वळून सगळी नावे सांगतो. केवळ पुढे उभ्या असलेल्या वादकाचे नाव सांगून तो थांबत नाही. ड्रमवर कोण, बासवर कोण, ध्वनिमुद्रण कधीचे, आणि त्यातील कोणी या शहरात अजून वाजवत असेल तर कोठे, हेही तो सांगतो. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीत ऐकत मोठ्या झालेल्या मराठी श्रोत्याला ही पद्धत परकी वाटणार नाही. राग, ताल, तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, हे सांगितल्याशिवाय आपल्याकडे मैफलीचे प्रसारण पूर्ण होत नाही. जॅझमध्ये तर ही माहिती अधिकच आवश्यक आहे. एकच रचना शेकडो जणांनी वाजवलेली असते आणि ऐकणाऱ्याचे लक्ष रचनेइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, वाजवणाऱ्यावर असते. संगणकाने लावून दिलेल्या गाण्यांच्या यादीत नेमकी हीच गोष्ट हरवते, आणि सामुदायिक रेडिओवरील कार्यक्रमाने ती भरून काढली तर त्याच्या असण्याला अर्थ येतो.

दुसरी गोष्ट ‘लाइव्हवायर’ची. आज रात्री शहरात कोणाचे वादन कोठे आणि किती वाजता आहे, याची यादी दिवसातून अनेकदा वाचून दाखवली जाते. पुण्यात किंवा ठाण्यात बसून ऐकणाऱ्याला त्या यादीचा प्रत्यक्ष उपयोग काहीच नाही, तरीही मी ती कधी टाळत नाही. या केंद्राचे आणि त्याच्या गावाचे नाते त्या दोन-तीन मिनिटांत जितके स्पष्ट दिसते तितके अन्य कशातही दिसत नाही. रेडिओ ऐकून माणूस घराबाहेर पडतो, मैफलीला जातो, वादकाच्या हाती चार पैसे पडतात, तो वादक उद्या स्टुडिओत येऊन वाजवतो. हे चक्र चालू ठेवणे हेच जॅझ कार्यक्रमाचे मुख्य काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ आले आणि शहरासह हे केंद्रही गप्प झाले. श्रोते आणि वादक अनेक राज्यांत विखुरले होते. न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयू या केंद्राच्या मदतीने ते आधी इंटरनेटवर परतले, ऑक्टोबरमध्ये त्याच राज्यातील बॅटन रूज शहरातून त्याचे प्रसारण पुन्हा हवेत आले, आणि वर्ष संपण्याआधी न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच मार्केटमध्ये नवा स्टुडिओ उभा राहिला. २०२० मध्ये साथीमुळे महोत्सव रद्द झाला, तेव्हा जुन्या महोत्सवांच्या ध्वनिमुद्रणांतून त्याच दिवसांत संपूर्ण महोत्सव रेडिओवर साजरा करण्यात आला. स्वतःच्या मैफलींचे ध्वनिमुद्रण वर्षानुवर्षे जपून ठेवणे किती मोलाचे ठरते, हे नव्या कार्यक्रमाच्या संयोजकांनी येथून जरूर शिकावे.

काही मर्यादाही सांगायला हव्यात. निवेदक स्वयंसेवक असल्यामुळे दर्जा सर्व वेळ सारखा राहत नाही. काही जण उत्तम माहिती मोजक्या शब्दांत देतात, तर काहींचे बोलणे लांबते. व्यापारी जाहिराती नसल्यामुळे श्रोत्यांच्या देणग्यांवर मोठी भिस्त आहे, आणि वर्षातून दोनदा होणाऱ्या निधिसंकलनाच्या दिवसांत आवाहने वारंवार येतात. त्या काळात संगीताची लय तुटते हे खरे, पण कारण समजल्यावर मला त्याची तक्रार करावीशी वाटत नाही. १९६० नंतरच्या प्रयोगशील जॅझची ज्यांना ओढ आहे, त्यांना मात्र येथे तुलनेने कमी मिळेल. आवडलेला कार्यक्रम संकेतस्थळावर दोन आठवडे पुन्हा ऐकता येतो, नंतर तो निघून जातो. म्हणून नावे टिपून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

आता आपल्याकडे असा कार्यक्रम करणाऱ्यांसाठी थोडेसे. भारतात २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक केंद्राचा परवाना मिळू लागला. प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती साधारणपणे १०० वॅट एवढीच असते, म्हणजे आवाज पोहोचतो तो काही किलोमीटरच्या परिसरात. किमान निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावा, अशी अपेक्षा आहे. या अटीमुळे जॅझसारख्या परदेशी संगीताला जागा उरत नाही, असे काहींना वाटते. मला याच्या उलट वाटते. मुंबईपुरते बोलायचे तर १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवत होता, पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड तेथे आले, आणि त्यांच्या सान्निध्यात गोव्याहून आलेल्या वादकांची एक पिढी तयार झाली. चर्चच्या संगीतशाळांत स्वरलेखन शिकलेल्या या वादकांनी रात्री हॉटेलांत जॅझ वाजवले आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाद्यवृंद सांभाळला. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी तर आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले. १९७८ मध्ये मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली आणि सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स तेथे वाजवून गेले. गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस सॅक्सोफोनवर रागांचा विचार करत होते. हे सारे आपल्या घरचे साहित्य आहे, आणि ते मराठीत किंवा कोकणीत सांगितले तर त्या १०० वॅटच्या परिसरातही ऐकणारे मिळतील, याविषयी मला शंका नाही.

म्हणून पहिल्या भागाची सुरुवात जॅझच्या जागतिक इतिहासापासून करू नये. परिसरातील एखाद्या निवृत्त वादकाला बोलवावे, त्याच्याकडून त्याच्या काळातील नाचघरे, पगार, तालमी यांविषयी बोलते करावे, आणि त्याने निवडलेल्या रचना वाजवाव्यात. एका तासाला जुन्या, तीन मिनिटांच्या तबकड्यांचे दहा-बारा तुकडे पुरतात. नंतरच्या काळातील लांब रचना घेतल्या तर पाच-सहाच बसतात, आणि बोलण्याची जागा त्याप्रमाणे आखावी लागते. शेवटची दोन मिनिटे येत्या आठवड्यातील स्थानिक मैफलींसाठी राखून ठेवावीत. मैफल एकच असली तरी ती पत्त्यासह सांगावी.

न्यू ऑर्लिन्सचे सकाळचे पारंपरिक जॅझ उन्हाळी वेळ चालू असताना (तेव्हा अमेरिकेत घड्याळे एक तास पुढे असतात) आपल्याकडे संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ ते साडेदहा या वेळात ऐकू येते. नवा कार्यक्रम आखणाऱ्यांनी सलग एक आठवडा वही घेऊन ते ऐकावे, आणि प्रत्येक निवेदक बोलायला कधी लागतो, किती बोलतो आणि कोणती नावे सांगतो, एवढेच लिहीत जावे.